कूलर, हेडफोन आणि माहलर

भंडाऱ्यात बसून सिंफनी ऐकायची तर ती ध्वनिमुद्रणातूनच ऐकावी लागते. देशातला एकमेव व्यावसायिक सिंफनी ऑर्केस्ट्रा म्हणून ज्याचं नाव घेतात तो सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया मुंबईत, नरीमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये आहे. खुशरू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मारात बिसेनगालिएव्ह यांनी २००६ मध्ये तो उभा केला. भंडारा रोड स्थानकापासून मुंबई रेल्वेने सुमारे ९०० किलोमीटर. तेव्हा प्रत्यक्ष मैफल की ध्वनिमुद्रण, हा वाद इथे उरतच नाही. उरतो तो वेगळा प्रश्न: चांगल्या हेडफोनमधून वाद्यवृंद कितपत पोहोचतो, त्यावर किती पैसा घालावा आणि नेमका कशावर घालावा? या विषयावर लिहिणारे बहुतेक जण थंड हवेच्या देशांत, खिडक्या लावून बसलेले असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो आणि चार हातांवर कूलर घरघरत असतो. एवढ्या एका गोष्टीने सगळा हिशोब फिरतो, आणि हा लेख बराचसा त्या फिरलेल्या हिशोबाबद्दल आहे.

त्याआधी एक गैरसमज काढून टाकू. वाद्यवृंदाचा नाद इथल्या कानाला परका आहे, असं उगाच मानलं जातं. १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली, तेव्हापासून तुमसरच्या राइस मिलमध्ये आणि पवनीच्या पानठेल्यावर तीस-चाळीस व्हायोलिनांचा ताफा रोज वाजतोच आहे. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांतली ती भरगच्च तंतुवाद्यं सेबॅस्टियन डिसोझांनी स्वरलिपीत उतरवलेली असत. गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये मुंबईत इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. प्यारेलाल त्यांच्याकडेच व्हायोलिन शिकले, आणि १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यात गुरूचं नाव गाजलं. सलील चौधरींनी 'छाया' (१९६१) मधल्या एका गाण्याची चाल थेट मोत्झार्टच्या चाळिसाव्या सिंफनीवरून घेतली. मराठीत अनिल मोहिले यांच्यासारखे संगीत संयोजक तीच विद्या वापरत होते. म्हणजे ओळख जुनी आहे, फक्त मुखड्याआधीच्या पंधरा सेकंदांपुरती. सिंफनीत ते पंधरा सेकंद पाऊण तास चालतात आणि गायक येतच नाही. नव्या श्रोत्याची पहिली अडचण ही असते. उपकरणांचा प्रश्न त्यानंतर येतो.

आता ध्वनिमुद्रण. वाद्यवृंदाचं मुद्रण म्हणजे शंभर माणसांसमोर मायक्रोफोन ठेवणं, एवढंच नसतं. त्यात खोलीही मुद्रित होते, किंबहुना चांगल्या मुद्रणात खोलीच आधी ऐकू येते. डेक्का कंपनीच्या रॉय वॉलेस आणि आर्थर हॅडी यांनी १९५४ च्या सुमारास तीन मायक्रोफोन इंग्रजी टी अक्षरासारख्या चौकटीवर, संचालकाच्या डोक्याच्या वर टांगण्याची पद्धत बसवली. 'डेक्का ट्री' या नावाने ती आजही वापरात आहे. व्हिएन्नात या कंपनीचं मुद्रण सोफिएनझाल नावाच्या इमारतीत चाले. ती मूळची स्नानगृहाची इमारत; पोहण्याच्या तलावावर फळ्या टाकून तिचं नृत्यगृह झालं होतं, आणि त्या पोकळ जमिनीमुळे खर्जाला एक वेगळी ऊब येत असे. जॉर्ज शोल्टीच्या हाताखाली वाग्नरच्या 'रिंग' चक्राचं मुद्रण १९५८ ते १९६५ या काळात तिथेच झालं. २००१ मध्ये ते सभागृह आगीत जळालं. आज त्या खोलीचा तो जुना नाद फक्त मुद्रणांत आहे. व्हिएन्नाच्या माणसालाही तो साकोलीच्या माणसाइतकाच, यंत्रातूनच, ऐकावा लागतो. अंतराची खंत वाटणाऱ्याने हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

याच सोफिएनझालमध्ये १९७५ मध्ये झुबिन मेहतांनी व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबर माहलरची दुसरी सिंफनी मुद्रित केली. झुबिन १९३६ चे, जन्म मुंबईचा. वडील मेहली मेहतांनी त्याच्या आदल्याच वर्षी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा सुरू केला होता. अठराव्या वर्षी मुलगा व्हिएन्नाला हान्स स्वारोव्स्की यांच्याकडे शिकायला गेला. मुंबईच्या मुलाने संचालित केलेल्या वाद्यवृंद-मुद्रणांपैकी एकच निवडायचं तर मी हेच निवडेन. 'द प्लॅनेट्स'चं त्यांचं १९७१ चं लॉस एंजेलिसचं मुद्रण जास्त झगमगीत आहे आणि हेडफोन विकणाऱ्यांचं लाडकंही आहे. पण माहलरमध्ये कानाची खरी परीक्षा होते. शेवटच्या भागात एका ठिकाणी मंचावर जवळजवळ शांतता पसरते आणि मंचामागून, दूरवरून हॉर्न आणि ट्रम्पेट वाजू लागतात, तर मंचावरची बासरी पाखरासारखी मध्येच उत्तर देते. चांगल्या हेडफोनमध्ये ते ट्रम्पेट नुसते हळू वाजत नाहीत, ते लांब वाजतात. हळू आणि लांब यांतला फरक कळला की उपकरण आणि कान दोन्ही कामाला लागले, असं समजावं. (पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या गावाला पितळी वाद्यांचं कौतुक सांगावं लागू नये, पण सांगावं लागतं.)

हेडफोन काय देतो आणि काय देत नाही, यावर बरंच लिहून झालं आहे. त्यातलं बरंचसं खरं आहे, पण एकतर्फी. तपशील तो भरपूर देतो. कार्लोस क्लायबरने व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबर केलेली बीथोव्हनची पाचवी आणि सातवी सिंफनी घ्या. मुद्रण १९७४ ते १९७६ या काळातलं. क्लायबर पहिली व्हायोलिनं डावीकडे आणि दुसरी उजवीकडे बसवत असे. सातवीच्या अखेरच्या भागात ती एकमेकांवर तुकडे फेकतात तेव्हा हेडफोनमध्ये हा सवाल-जवाब जितका स्वच्छ कळतो, तितका दहा बाय बाराच्या खोलीतल्या स्पीकरवर क्वचितच कळेल. मधल्या व्हिओला, दुसरा क्लॅरिनेट, पानं उलटल्याचा आवाज, हेही कळतं.

पण स्टिरिओ मुद्रण मुळात स्पीकरसाठी होतं. समोर दोन स्पीकर असले की डावीकडचा आवाज उजव्या कानालाही, थोडा उशिरा आणि थोडा मंद होऊन, पोहोचतो; त्या फरकावरून मेंदू दिशा ठरवतो. हेडफोनमध्ये डावा आवाज डाव्याच कानात जातो. परिणाम असा की वाद्यवृंद समोर न बसता डोक्याच्या आत, या कानापासून त्या कानापर्यंत ओळीने बसतो. यावर उपाय म्हणून दोन वाहिन्या थोड्या एकमेकींत मिसळण्याची कल्पना बेंजामिन बाउअर यांनी १९६१ मध्येच मांडली होती. आज तिला क्रॉसफीड म्हणतात आणि मोबाइलवरच्या काही प्लेअर ॲपमध्ये ती एका खटक्यावर मिळते. साठच्या दशकातल्या डाव्या-उजव्याची फार ओढाताण असलेल्या मुद्रणांना ती लावावीच. नव्यांना लावली नाही तरी चालतं. दुसरी उणीव मात्र कशानेच भरत नाही. सभागृहात बास ड्रमचा ठोका छातीला लागतो, डबल बासची थरथर खुर्चीतून वर येते. हेडफोनला छाती नाही. तीस हजारांचा असो की तीन लाखांचा, तो कानाशीच थांबतो.

इथे कूलर येतो.

सिंफनी आणि सिनेमाचं गाणं यांत ऐकण्याच्या दृष्टीने सर्वात मोठा फरक आवाजाच्या पल्ल्याचा आहे. आजचं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत जवळजवळ एकाच पातळीवर दाबून बसवलेलं असतं, बसमध्येही ऐकू यावं म्हणून. वाद्यवृंदात तंतुवाद्यांची कुजबुज ४० डेसिबलच्या आसपास आणि सगळा ताफा तुटून पडला की १०० किंवा त्याहून वर. सीडीच्या १६ बिटांत सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला मावतो, म्हणजे माध्यमाला अडचण नाही. अडचण खोलीला आहे. डेझर्ट कूलर पूर्ण वेगात चालू असला की खोलीत साधारण ६० डेसिबल गोंगाट असतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनी निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ ची मर्यादा घातली आहे. आपण घरातल्या घरात ती ओलांडून बसतो. या ६० च्या खाली संगीताचं जे काही आहे ते बुडतं. ते वर काढायला आवाज वीस-पंचवीस डेसिबल चढवावा, तर पुढचा कडकडाट १२० च्या घरात जातो, म्हणजे कान फोडून घ्यायचं काम. आणि श्रोता करतो नेमकं हेच: हळू भागाला आवाज वाढवतो, जोराच्या भागाला दचकून कमी करतो, आणि अर्ध्या तासाने ठरवतो की हे संगीत काही आपल्यासाठी नाही.

'रिंग' चक्रातलं शोल्टीचं 'दास राइनगोल्ड' मे महिन्यात लावून पाहा. सुरुवातीला डबल बास एकच खर्जाचा स्वर धरून बसतात, इतका हळू की तो कधी सुरू झाला ते कळू नये. कूलरच्या घरघरीत तो खरंच कळत नाही. वाग्नरने तो कूलरसाठीच लिहिला असावा, इतका एकजीव होतो.

म्हणून हेडफोनच्या जातींची जी उतरंड परीक्षणांत सांगितली जाते ती इथे वर्षातले निदान चार महिने उलटी होते. उतरंडीच्या टोकाला असतात मागून उघडे हेडफोन. १९६८ च्या सेनहायझर एचडी ४१४ पासून ही जात लोकप्रिय झाली. १९९७ चा एचडी ६०० आजही वाद्यवृंदासाठी शिफारशीत असतो, आणि योग्यच आहे. मागची जाळी उघडी असल्याने आवाज कोंडत नाही, तंतुवाद्यांचा पोत खरा वाटतो. पण उघडं म्हणजे उघडं: कूलर, पंखा, शेजारचा टीव्ही, सगळं आत येतं. शिवाय मखमली गाद्यांखाली कान घामेजतात, आणि विदर्भाच्या घामापुढे त्या गाद्या फार काळ तग धरत नाहीत. कानात बसणारे इअरफोन, ज्यांना शौकीन आयईएम म्हणतात, नीट बसले तर बाहेरचा आवाज वीस-पंचवीस डेसिबलनी तोडतात. ६० चा कूलर ३५-४० वर येतो आणि कुजबुज परत मिळते. आवाजरोधक, म्हणजे नॉइज कॅन्सलिंग, हेडफोन तर कूलरसारख्या खालच्या, एकसुरी घरघरीवरच सर्वात चांगले चालतात. शुद्धतावादी त्यांना नाक मुरडतात: ब्लूटूथमध्ये माहिती गाळली जाते, आवाजावर प्रक्रिया होते. होते ना. सीडीचा प्रवाह सेकंदाला १,४११ किलोबिटचा, ब्लूटूथची एलडीएसी पद्धत जास्तीत जास्त ९९० देते, नेहमीची एसबीसी त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. पण गाळलेली माहिती ऐकू येण्यासाठी आधी शांतता लागते. मे महिन्याच्या दुपारी, लाखनीतल्या टिनाच्या छपराखाली, मध्यम किमतीचा आवाजरोधक हेडफोन त्याच्या तिप्पट किमतीच्या उघड्या हेडफोनला हरवतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

किमतीबद्दल बोलू. एचडी ६०० च्या वर्गातला हेडफोन पंचवीस हजारांच्या पुढे जातो. २०२४-२५ च्या हंगामात साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला २,३०० रुपये होता. म्हणजे जवळजवळ ११ क्विंटल धान, आणि तेही चुकारे वेळेवर आले तर. हाय-फाय हेडफोन लावून पाहायची दुकानं महानगरांत; इथे पार्सल फोडल्यावरच कळतं की पट्टी डोक्याला आवळते. त्यामुळे किंमत आणि दर्जा यांचा संबंध किती, हा प्रश्न इथे चैनीचा नाही. २०१७ मध्ये येरून ब्रेबार्ट यांनी २८३ हेडफोनांची मोजणी प्रसिद्ध केली. कोणता स्वर हेडफोन किती उचलतो याचा आलेख आणि हेडफोनची किंमत यांत त्यांना काहीही संबंध आढळला नाही. याचा अर्थ सगळे हेडफोन सारखे असा नव्हे; महाग म्हणजे सरळ, असा नेम नाही, एवढाच. गेल्या काही वर्षांत चिनी कंपन्यांनी दोन-तीन हजारांत जे आयईएम आणले आहेत ते व्हायोलिनचं व्हायोलिनपण इतकं नीट राखतात की पंधरा वर्षांपूर्वी त्याला दसपट मोजावे लागले असते. माझ्या मते पहिली खरेदी हीच, आणि तीही वायरवाली. डब्यात येणाऱ्या रबरी टोप्यांचे सगळे आकार कानात घालून पाहावेत. टोपी सैल बसली की खर्ज गळतो, आणि खर्ज गळलेला वाद्यवृंद म्हणजे पायाविना भिंत. यात पैसा लागत नाही, तरी लोक हेच टाळतात.

डॅक, म्हणजे डिजिटल आवाज विद्युत् लहरींत बदलणारा भाग, आणि ॲम्प्लिफायर यांवर जितकी शाई खर्च होते तितकं त्यांचं महत्त्व नाही. बऱ्याच नव्या मोबाइलना हेडफोनचं छिद्र राहिलं नाही, म्हणून डोंगल लागतो. हजार-दोन हजारांचा चांगला डोंगल आयईएमला पुरून उरतो. अडतं ते फक्त ३०० ओहमच्या एचडी ६०० सारख्या हेडफोनपाशी. एक व्होल्ट देणाऱ्या डोंगलवर त्याला जेमतेम तीन मिलिवॅट मिळतात, म्हणजे कमाल पातळी १०० डेसिबलच्या थोडी वर. गाण्याला हे भरपूर. सिंफनीचं मुद्रण मात्र मुळात खालच्या पातळीवर असतं, कारण कडकडाटासाठी वर जागा राखून ठेवलेली असते. तिथे बटण शेवटाला लागतं आणि तरी थोडं कमीच वाटतं. तेव्हा मोठा हेडफोन घेतला तरच छोटा ॲम्प्लिफायर घ्यावा. वायरी, सोन्याचा मुलामा, वीज शुद्ध करणारे डबे यांवर एक वाक्यही पुष्कळ झालं.

स्रोताचा प्रश्न आता जवळपास सुटला आहे. एके काळी एक सिंफनी ७८ च्या रेकॉर्डींवर चार-चार मिनिटांनी तुटत असे. १९४८ मध्ये एलपी आली, १९८२ मध्ये सीडी, आणि आज न गाळलेला आवाज मोबाइलवर येतो. ॲपल म्युझिकने तो २०२१ मध्ये वेगळे पैसे न घेता दिला आणि २०२३ मध्ये अभिजात संगीतासाठी स्वतंत्र ॲप काढलं. हे ॲप उपयोगाचं आहे ते शोधण्यासाठी: 'बीथोव्हन पाच' म्हटलं की कुठला संचालक, कुठलं साल, हे नीट सांगणारी सोय इतर ठिकाणी दुबळी असते. यूट्यूबवरही पुष्कळ आहे, आणि नवशिक्याला वाद्यं वाजताना दिसतात हा त्याचा मोठा फायदा. फक्त मधल्या जाहिरातीने ॲडॅजिओचा, म्हणजे संथ भागाचा, खून होतो. खेड्यात नेटवर्क लपंडाव खेळत असेल तर रात्री उतरवून ठेवावं. आणि प्लेअरमधलं आवाज समान करणारं बटण बंद करावं. काही प्लेअरमध्ये ते पल्लाच चेपतं.

कानाच्या सुरक्षेचा हिशोब इथे दोन कारणांनी महत्त्वाचा. एक, वर सांगितलेला कूलर. दुसरं, लग्नसराईतले डीजे आपल्या आठवड्याचा कोटा एका वरातीत संपवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतात; पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे ८९ ला पाच तास. वाद्यवृंदाचे कडकडाट क्षणिक असतात, सरासरी पातळी ७०-७५ ठेवली तर चिंता नाही. शांत खोलीत ती सहज ठेवता येते.

शांत खोली म्हणजे मुख्यतः शांत महिना. झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडया भरतात, रात्र-रात्र नाटकं आणि दंडार चालतात. तेव्हा हेडफोन ठेवून तिकडे जावं हे बरं, कारण ती ऐकण्याची सामुदायिक रीत आहे आणि हेडफोन तिच्या अगदी उलट टोकाला आहे. पण डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत कूलर माळ्यावर असतो, पंखा बंद असतो, दारं-खिडक्या थंडीने आपोआप लागलेल्या असतात. पहाटे पाच वाजता खोलीतली पातळी तिशीत उतरते. हे अडीच महिने उघड्या हेडफोनचे, माहलरचे, ब्रुकनरचे. मार्चपासून आयईएम आणि हायडन-मोत्झार्ट, ज्यांचा पल्ला आटोपशीर आहे. पावसाळ्यात कवेलूच्या घरात चालून जातं, टिनाखाली नाही. पट्टीचे शौकीन वर्षभर एकच हेडफोन सर्वोत्तम ठरवण्याच्या मागे असतात. इथल्या हवेत तो खटाटोप व्यर्थ आहे.

राहिला तो दर्जा वाढवण्याचा, म्हणजे अपग्रेडचा, प्रश्न. दोन-तीन हजारांचा इअरफोन वर्षभर ऐकून झाल्यावर बहुतेकांना पुढची पायरी खुणावू लागते. त्या वेळी ॲम्प्लिफायरच्या आधी एक तिकीट काढावं, असं मी सुचवेन. एनसीपीएचे हंगाम साधारण फेब्रुवारीत आणि सप्टेंबरमध्ये असतात. गोंदियाहून येणारी विदर्भ एक्सप्रेस भंडारा रोडला थांबते आणि सकाळी मुंबईला उतरवते. जमशेद भाभा नाट्यगृहात अकराशेच्या आसपास खुर्च्या आहेत. मागच्या स्वस्त रांगेत बसावं, तिथे आवाज उलट जास्त मिसळून येतो. त्या दिवशी जी सिंफनी असेल तिची दोन मुद्रणं जाण्याआधी ऐकून ठेवावीत, आणि परत आल्यावर तीच दोन पुन्हा ऐकावीत. हेडफोनमधून काय येत नव्हतं ते तेव्हा कळेल, आणि त्यातलं काय पैशांनी आणता येण्यासारखं आहे तेही. जाण्या-येण्याचा आणि तिकिटाचा खर्च मधल्या किमतीच्या ॲम्प्लिफायरपेक्षा कमी होतो, आणि फेब्रुवारीची वारी जमली तर परतल्यावर कूलर उतरवायला अजून पंधरा दिवस हाताशी असतात.